एबी रोड: रुंद करायचा, वर उचलायचा, की बसला तिची जागा परत द्यायची?

इंदूरच्या एबी (आग्रा-मुंबई) रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा. ११.५ किलोमीटर. २०१३ पासून या पट्ट्यात आय-बसला, म्हणजे शहराच्या जलद बससेवेला, स्वतःची मार्गिका होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती काढायची परवानगी दिली आणि रेलिंग उखडायला सुरुवात झाली. याच रस्त्यावर एलआयजी चौक ते नौलखा उन्नत मार्गाचा प्रस्ताव तर त्याआधीपासून डोकं वर काढतोय. आता आपल्या वसाहतींतून सूचना-हरकती लिहायच्या म्हटल्या, तर समोर तीन वाटा आहेत: मोकळी झालेली जागा गाड्यांना देऊन रस्ता आणखी रुंद करणं, वरून दुसरा रस्ता बांधणं, किंवा बसला पुन्हा वेगळी जागा देणं. मी बरीच वर्षं रोज आय-बसने गेलो आहे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो. पण तिन्ही पर्याय एकाच मापाने मोजले पाहिजेत, हा माझा आग्रह त्या कलापेक्षा मोठा आहे.

सुरुवात कागदापासून करू, कारण बहुतेकांची इथेच गल्लत होते. ‘पर्यावरणाची परवानगी घेतील की, त्यात सगळं येईल,’ असं आपण धरून चालतो. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत महामार्ग आहेत. पण २०१३ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि सध्याच्या मार्गावर ४० मीटरपेक्षा जास्त जादा जमीन घेणार असेल, तरच पर्यावरण मंजुरी लागते. शहरातल्या पाच-दहा किलोमीटरच्या रुंदीकरणाला हे माप लागूच होत नाही. शिवाय जादा जमीन न घेता रुंदीकरण होत असेल, तर महामार्गालाही जनसुनावणीतून सूट आहे. मग उरते ती झाडं तोडायची परवानगी, राज्याच्या २००१ च्या नागरी वृक्ष कायद्याखालची. म्हणजे रस्त्याकडेचा कडुलिंब मोजला जाईल, पण त्याच्या मागच्या इमारतीत राहणाऱ्या दम्याच्या पेशंटचा विचार कुठल्याच अर्जात नसेल. म्हणूनच मूल्यांकन आपण मागायचं आहे. ते आपोआप होणार नाही.

ते मागताना अमेरिकेतली एक गोष्ट उपयोगी पडते. तिथल्या १९७० पासूनच्या पर्यावरण कायद्यात ‘प्रकल्प केलाच नाही तर काय’ हाही पर्याय मोजावा लागतो. पोर्टलँड शहरात आय-५ या महामार्गाच्या रोझ क्वार्टर टप्प्याचं रुंदीकरण ठरलं. छोट्या मूल्यांकनावर भागवून २०२० मध्ये ‘लक्षणीय परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढला गेला. जानेवारी २०२२ मध्ये तो मागे घेण्यात आला आणि पुरवणी मूल्यांकन करावं लागलं. हरकत घेणाऱ्यांचा एक मोठा आक्षेप वाहनसंख्येच्या अंदाजावर होता: रस्ता रुंद झाला काय आणि न झाला काय, गाड्या जवळजवळ तेवढ्याच धरल्या, तर हिशेबात धूरही तेवढाच निघणार.

माझ्या मते सगळ्याची किल्ली याच आकड्यात आहे. अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये प्रचंड रुंद झाला, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ मार्गिका. २०११ ते २०१४ या तीन वर्षांत संध्याकाळी त्यावरून जायला लागणारा वेळ सुमारे ५५ टक्क्यांनी वाढला. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासले, तेव्हा महामार्गाच्या मार्गिका जेवढ्या वाढतात, जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवास वाढतो असं दिसलं. अमेरिका वेगळी, इंदूर वेगळं, हे खरं. पण पलासियाला मोकळा रस्ता दिसला की आज स्कूटर घरी ठेवणारा उद्या कार काढेल, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तेव्हा रुंदीकरणाचा फायदा खरा असला तरी फार काळ टिकणारा नाही. पहिली काही वर्षं सिग्नलला कमी थांबावं लागेल, एवढं मी मान्य करतो. त्या बदल्यात डांबर वाढेल, पदपथ आक्रसेल आणि रस्ता ओलांडायचं अंतर लांबेल. वयस्कर माणसाला गीता भवनपाशी पलीकडे जायचं असेल तर हा पर्यावरणाचाच प्रश्न आहे, कारण मग तो रिक्षा करतो.

उन्नत मार्गाबद्दल जास्त सांगायला हवं, कारण तो सगळ्यांना आवडतो. चित्रात वर गाड्या पळतात आणि खाली हिरवळ असते. प्रत्यक्षात खांब आणि चढ-उताराचे रॅम्प खालचीच रुंदी खातात. वरून फायदा होतो तो एलआयजीला चढून थेट नौलख्याला उतरणाऱ्याला. ज्याला पलासियाला, शिवाजी वाटिकेपाशी थांबायचं आहे, तो खालीच राहणार. म्हणून पहिला प्रश्न हा, की रोजच्या गाड्यांपैकी या दोन टोकांमध्ये न थांबता जाणाऱ्या किती? कुठून निघाले आणि कुठे गेले याची मोजणी हातात असल्याशिवाय पुढे बोलू नये.

हवेचंही पाहा. वाहनांचा धूर रस्त्यापासून पहिल्या दीडशे-दोनशे मीटरमध्ये सर्वात दाट असतो. वर छत आणि दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या, की खालचा धूर सहज निघून जात नाही, आणि तिथे चहाची टपरी, भाजीवाली, बसची वाट पाहणारी मुलं असतात. आवाज मात्र वर जातो. आज तिसऱ्या मजल्याला रस्ता खाली आहे, उद्या तो खिडकीसमोर येईल. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. विजेच्या गाड्या आल्या की सगळं सुटेल, असंही नाही. टायर आणि ब्रेकची धूळ त्यांचीही उडते, आणि वेग वाढला की टायरचा आवाज वाढतो.

पाण्याचं थोडक्यात: तिन्ही पर्यायांत रस्त्यावरचं तेलकट पाणी नाल्यांतून कान्ह नदीत आणि तिथून क्षिप्रेत जातं. जितकं काँक्रीट जास्त, तितकं ते लवकर आणि जास्त जातं. पुलाचे निचऱ्याचे पाइप कुठे सोडणार, हे आराखड्यात पाहून घ्या.

बसच्या मार्गिकेचे दोषही लपवायचे नाहीत. आपल्याकडे ती एकाच रस्त्यावर राहिली आणि आतल्या वसाहतींतून तिथवर पोहोचायची सोय अपुरी होती. बाजूच्या कोंडीत अडकलेल्याला मधली रिकामी मार्गिका डोळ्यांत खुपायची, आणि तो राग खरा होता. पण ती रिकामी दिसे, याचा अर्थ वाया जात होती असा नाही. अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या नॅक्टो या संघटनेचे आकडे सांगतात, की खासगी गाड्यांची एक मार्गिका तासाला ६०० ते १,६०० माणसं नेते आणि बसची वेगळी मार्गिका ४,००० ते ८,०००. माणशी धूर, माणशी डांबर आणि तोडावी लागणारी झाडं, या तिन्ही मापांत बस पुढे आहे.

माझं मत असं: ज्यांचं घर किंवा दुकान या रस्त्याला लागून आहे, त्यांनी उन्नत मार्गाला आज तरी होकार देऊ नये. जे रोज गाडीने टोकापासून टोकापर्यंत जातात त्यांना तो सोयीचा वाटेल, पण त्यांनीही मोजणी मागावी. नुसत्या रुंदीकरणाला मात्र दोघांनीही नाही म्हणावं. आणि बसचा पर्याय, या वेळी आतल्या वसाहतींतून मार्गिकेपर्यंत आणणाऱ्या बसांसकट, उरलेल्या दोन पर्यायांच्या शेजारी त्याच तक्त्यात लिहून घ्यावा. आज, पाच वर्षांनी आणि वीस वर्षांनी प्रत्येक पर्यायात गाड्या किती असतील, ते आकडे वेगवेगळे मागायचे. पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) आणि आवाजाची मोजणी मे आणि डिसेंबर या दोन्ही महिन्यांत व्हावी, रस्त्याच्या कडेला आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतही.