‘जपानहून आलेले’ जुनिपर आणि माझे २,३५० डॉलर

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडात टोरोंटोजवळच्या आमच्या घरी जुनिपर या सदाहरित सूचिपर्णी झाडाचे एक बोन्साय आले आणि त्यापायी माझे २,३५० कॅनडियन डॉलर गेले. त्या वेळच्या दराने रुपयांत ही रक्कम एक लाख चाळीस हजारांच्या आसपास होती. हे लिहायला मला जवळजवळ एक वर्ष लागले, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ते झाड अभिमानाने दाखवले होते आणि त्यांनाच पुन्हा बोलावून ते खोटे निघाल्याचे सांगण्याचे बळ मला होत नव्हते. आता पुन्हा नोव्हेंबर आला आहे. हा धंदा नेमका याच महिन्यात का चालतो हे मला कळले आहे, त्यामुळे यापुढे गप्प राहणे मला चुकीचे वाटते.

मी बोन्सायच्या बाबतीत नवखा नाही, हे आधीच सांगतो. पुण्यात आमच्या गच्चीवर वीस वर्षे वड, पिंपळ आणि उंबर होते. वडिलांनी लावलेला एक वड आजही भावाकडे आहे. कुंडी बदलणे, मुळे छाटणे, तारेने फांदीला वळण देणे ही कामे मी त्यांच्याकडून शिकलो. पण ते सगळे ज्ञान उष्ण प्रदेशातल्या झाडांचे होते. वडाची मुळे कुजली तर थोड्याच दिवसांत पाने पिवळी पडतात, गळतात आणि मालकाला काय ते कळते. जुनिपर तसे सांगत नाही. ते मेल्यावरही थंडीत कित्येक आठवडे, कधी कधी काही महिने हिरवे दिसते. बुंध्यापासून तोडलेले ख्रिसमसचे झाड शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात महिनाभर हिरवे राहते, हे मी दर डिसेंबरला पाहत होतो. तरीही तो नियम माझ्या गॅरेजमधल्या झाडाला लावून पाहण्याचे मला सुचले नाही.

विक्रेत्याचा नंबर मला गणेशोत्सवात भेटलेल्या एका परिचितांनी दिला. त्यांनी स्वतः त्याच्याकडून काहीही घेतलेले नव्हते, केवळ जाहिरात पाहिली होती, हे मला नंतर समजले. ‘ओळखीतून मिळाला’ या दोन शब्दांवर विसंबू नका. ओळख देणाऱ्याने स्वतः पैसे मोजले होते का, हे आधी विचारा. विक्रेता अतिशय शांतपणे आणि माहितीने बोलत असे. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय व्यावसायिक टोकियोच्या उत्तरेला ओमिया इथे गेले आणि १९२५ मध्ये तिथे बोन्सायचे गाव वसले, हा इतिहास त्याने मला सविस्तर सांगितला. मी तो पडताळून पाहिला, तो खरा निघाला, आणि इतिहास खरा म्हणजे माणूसही खरा असे मी गृहीत धरले. झाड शिंपाकू जुनिपर असून सत्तर वर्षांचे आहे, ओमियातल्या एका बागेतून पंधरा दिवसांपूर्वीच विमानाने आले आहे, असे त्याचे म्हणणे होते. व्हिडिओवर पांढरेशुभ्र वठलेले लाकूड आणि त्याला बिलगून वर चढलेली जिवंत सालीची पट्टी पाहून माझा विवेक सुटला, हे मान्य करतो.

झाडाचे १,८५० डॉलर, आयात परवाना आणि विलगीकरणाचे २४०, लाकडी खोका आणि वाहतुकीचे १६५, आणि ‘हिवाळी संच’ म्हणून ९५. या संचात एक काळे कापड, पिशवीभर सालपटे आणि खताची छोटी बाटली होती. पैसे त्याने ई-ट्रान्सफरने, म्हणजे थेट बँक खात्यातून, तीन हप्त्यांत मागितले: १,०००, १,००० आणि ३५०. बँकेच्या मर्यादेचे कारण त्याने दिले आणि मी ते खरे मानले. क्रेडिट कार्ड घेतो का, हा एक प्रश्न मी त्या वेळी विचारला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

झाड १२ नोव्हेंबरला आले. खोका उघडला तेव्हा कुंडी काठोकाठ भरलेली होती. वर हिरवे शेवाळ, त्याखाली अकादामा या बोन्सायसाठी वापरल्या जाणाऱ्या जपानी मातीचे विटकरी दाणे. ‘मुळांना हात लावलेला नाही, जपानी मातीसकट आहे’ असे त्याने चिठ्ठीत लिहिले होते. माझी पत्नी जवळ उभी होती. ती म्हणाली, “अहो, मातीसकट कसे येऊ दिले? आई तुळस घेऊन येणार होत्या, तेव्हा तुम्हीच तर त्यांना नको म्हणालात.”

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आदल्याच वर्षी माझी आई पुण्याहून येताना वृंदावनातली तुळस आणायची म्हणून हट्ट धरून बसली होती, आणि कॅनडात परदेशातली माती आणता येत नाही, असे मीच तिला फोनवर अर्धा तास समजावले होते. उत्तर अमेरिकेबाहेरून येणाऱ्या रोपाची मुळे मातीमुक्त असावी लागतात, हा नियम मला पाठ होता. जपानहून पंधरा दिवसांपूर्वी आलेले झाड धुतलेल्या, उघड्या मुळांनीच आले असले पाहिजे, आणि तसे असेल तर इतक्या थोड्या दिवसांत त्या मातीवर असे एकजीव शेवाळ धरणे शक्य नव्हते. आईला अडवताना जो नियम मी दगडावरची रेघ मानला, तोच नियम मी स्वतःच्या हौसेपुढे विसरलो. पत्नीला मी काय उत्तर दिले ते मला आठवते: “व्यापाऱ्यांना वेगळे परवाने असतात.” असा कोणताही परवाना मी पाहिलेला नव्हता. त्या क्षणी तिचे ऐकले असते तर झाड त्याच दिवशी परत करता आले असते, आणि ही गोष्ट अजूनही मला रात्री जागे ठेवते.

त्याच खोक्यात फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची, म्हणजे रोप कीड-रोगमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याची छायाप्रत होती. मी त्यावरचा शिक्का पाहिला आणि कागद फाइलला लावला. त्यावरचे शास्त्रीय नाव मी एप्रिलमध्ये वाचले: झेल्कोवा सेराटा. जुनिपरशी काहीही संबंध नसलेले, पानगळीचे झाड. तारीख मार्च २०२३ ची आणि संख्या ४० रोपांची. प्रमाणपत्र हातात आले की शिक्का पाहू नका. झाडाचे शास्त्रीय नाव, संख्या, तारीख आणि आयातदाराचे नाव वाचा, आणि हे सगळे पैसे देण्यापूर्वी करा.

हिवाळ्याबद्दल विक्रेत्याने दिलेल्या सूचना बहुतांशी बरोबर होत्या, आणि त्यातच त्याची चलाखी होती. जुनिपर घरात उबेला ठेवू नये, त्याला सुप्तावस्थेची थंडी लागते, हे खरे आहे. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना भोवतालच्या मातीचे पांघरूण असते, उथळ कुंडीतली मुळे मात्र थेट हवेच्या तापमानाला सामोरी जातात, आणि गोठलेल्या मुळांना पाणी ओढता येत नसताना वारा व ऊन पानांतले पाणी काढून घेतात. म्हणून ऊब नसलेले गॅरेज, कुंडीभोवती सालपटांचा थर आणि मोजके पाणी, हेही खरे आहे. मी हे सारे केले. तापमापक लावला आणि रोजची नोंद वहीत ठेवली. संपूर्ण हिवाळ्यात गॅरेजमधले सर्वांत कमी तापमान उणे ६ अंश होते, जे निरोगी शिंपाकूला मुळीच जड नाही. माझ्या हलगर्जीपणामुळे झाड गेले असे नंतर ज्यांनी मला सुचवले, त्यांना मी ही वही दाखवायला आजही तयार आहे.

या बरोबर सूचनांच्या मध्ये त्याने दोन वाक्ये घुसवली होती. हिवाळ्यात साल खरवडून पाहू नये, झाडाला इजा होते. आणि एप्रिलपर्यंत कुंडीतून काढू नये, मुळे दुखावतात. हमी होती नव्वद दिवसांची. १२ नोव्हेंबरपासून नव्वद दिवस म्हणजे १० फेब्रुवारी, जेव्हा इथे सगळी झाडे झोपलेली असतात आणि मेलेले जुनिपर अजून हिरवे असते. जानेवारीअखेर फांद्यांची टोके मला निस्तेज वाटली तेव्हा मी त्याला फोटो पाठवले. “थंडीत रंग उतरतोच, वसंतात उजळेल,” असे त्याचे उत्तर आले. जुनिपरचा रंग थंडीत खरोखरच थोडा उतरतो, त्यामुळे मी गप्प बसलो. हमी संपल्यानंतर त्याने माझ्या एकाही संदेशाला उत्तर दिले नाही. नखाने सालीचा तांदळाएवढा तुकडा खरवडा. खाली ओलसर हिरवे दिसले तर फांदी जिवंत, कोरडे तपकिरी दिसले तर मेलेली. एवढ्याने कोणतेही झाड मरत नाही, आणि जो विक्रेता हे करू नका म्हणतो त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

१९ एप्रिलला मी साल खरवडली. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळीकडे तपकिरी. मग कुंडी उलटी केली. अकादामाचा थर बोटभर होता. त्याखाली पीट, सालपटे, परलाईटचे पांढरे दाणे आणि हळूहळू विरघळणाऱ्या खताचे मणी, म्हणजे इथल्या कोणत्याही रोपवाटिकेतल्या प्लास्टिकच्या कुंडीत असते तसे मिश्रण. मुळे करवतीने सपाट कापलेली होती आणि कापल्यानंतर एकही नवे पांढरे मूळ फुटलेले नव्हते. हिवाळ्याच्या तोंडावर अशी मुळे कापलेले झाड माझ्याकडे आले तेव्हाच बहुधा संपलेले होते. त्यानंतर ते सत्तर वर्षांचे वठलेले लाकूड मी ओढले, तर ते वेगळे झाले. मागे यंत्राने कोरलेली पन्हळ, त्यात बसवलेले अंगठ्याएवढ्या जाडीचे रोप, दोन स्क्रू आणि वरून राळेत कालवलेला लाकडाचा भुसा. जपानी लोक अशा जोडकामाला तनुकी म्हणतात. तनुकी हा त्यांच्या लोककथांतला रूप बदलून माणसांना चकवणारा प्राणी. उघडपणे सांगून केलेले तनुकी बोन्साय हा गुन्हा नाही, अनेक जण ते हौसेने करतात. ते अखंड जुने झाड म्हणून १,८५० डॉलरला विकणे ही चोरी आहे. जिवंत सालीची पट्टी खालपासून वरपर्यंत एकाच रुंदीची आणि कडा सरळ असेल तर मागची बाजू पाहायला मागा. व्हिडिओत त्याने झाड एकदाही पूर्ण फिरवले नव्हते.

यानंतर जे झाले त्याचा संताप मला फसवणुकीपेक्षाही अधिक आहे. बँकेने सांगितले की तिन्ही व्यवहार मी स्वतः मंजूर केले असल्यामुळे पैसे परत मागता येणार नाहीत. पोलिसांनी रक्कम पाच हजार डॉलरांखाली असल्याने ऑनलाइन अर्ज भरायला लावला आणि पाच आठवड्यांनी हा दिवाणी स्वरूपाचा वाद असल्याचे कळवले. दिवाणी दावा लावायचा तर प्रतिवादीचा पत्ता लागतो. पत्ता पोलीस देत नाहीत, बँक देत नाही, आणि विक्रेत्याने दिलेला पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा निघाला. फसवणुकीच्या तक्रारी नोंदवून घेणाऱ्या विभागाने मला एक क्रमांक दिला, त्यानंतर एकही फोन आला नाही. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती त्यांनी नियमभंग आढळला नसल्याचे दोन ओळींत कळवून प्रकरण बंद केले.

रोपांच्या आयातीवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाकडून मला सर्वांत जास्त आशा होती. हे नियम का आहेत ते मला माहीत आहे आणि मान्यही आहे: २००१ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात टुकविला इथे कोरियाहून आलेल्या मेपलच्या बोन्सायमधून लांब मिशांचे खोडकिडे सुटले आणि आजूबाजूची शेकडो झाडे तोडावी लागली. बनावट कागद वापरणारा माणूस त्यांना हवा असेल, असे मला वाटले. फोनवरच्या अधिकाऱ्यांनी तीनदा विचारले ते असे: झाड सध्या कोणाच्या ताब्यात आहे? माझ्या, असे मी म्हणालो. तर मग ते हलवू नका, बेकायदा आयात ठरल्यास जप्त करून नष्ट करावे लागेल आणि खर्चाची जबाबदारी ताबेदारावर येऊ शकते. झाड जपानचे नाहीच, इथल्याच रोपवाटिकेतले आहे, असे मी म्हणताच ते म्हणाले की मग आयातीचा प्रश्नच उद्भवत नाही आणि हा त्यांचा विषय नाही. प्रमाणपत्राची छायाप्रत चालणार नाही, मूळ प्रत आणा, असे सांगून त्यांनी फोन ठेवला. मूळ प्रत माझ्याकडे असती तर मी तक्रार कशाला केली असती?

थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी झाड घ्यायचे तर मे-जूनमध्ये, नवी पालवी डोळ्यांनी पाहून घ्या. शक्यतो तुमच्याच गावात दोन हिवाळे काढलेले झाड घ्या. टोरोंटो बोन्साय सोसायटीसारख्या संस्थांमध्ये अशी झाडे बाळगणारी माणसे भेटतात, आणि मी त्यांच्याकडे आधी न जाण्याचे एकमेव कारण म्हणजे मला सगळे येते असा माझा समज होता.

गेल्या आठवड्यात नव्या नावाने एक जाहिरात आली आहे. फोटो माझ्याच झाडाचा आहे. बुंध्याजवळची फुटकी गाठ मी हजारातही ओळखेन, कारण ते लाकूड आत्ता माझ्या टेबलावर पडले आहे. किंमत २,१०० डॉलर केली आहे आणि वय ऐंशी वर्षे. तुमच्यापैकी कोणी या हिवाळ्यात असे झाड घेतले असेल तर कृपया आजच साल खरवडून पाहा, नव्वद दिवस अजून संपलेले नाहीत.