बिघडलेलं कार्ड: घरी सॉफ्टवेअर की पुण्याची लॅब?

साताऱ्यातल्या एका मित्राने कासच्या फुलांचे फोटो काढले, घरी आल्यावर कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातल्या निम्म्या रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले मूळ फोटो) उघडेनात. सॉफ्टवेअर वापरू की कार्ड पुण्याच्या डेटा परत काढून देणाऱ्या लॅबला देऊ, असं तो विचारतोय.

खर्चाचं उत्तर सरळ आहे. फोटोरेक हे गेलेल्या फाइल शोधणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅबचं बिल हजारांत जातं.

यश मात्र बिघाड कुठे आहे त्यावर ठरतं. कार्ड कॉम्प्युटरला दिसत असेल, चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झालं असेल, तर फोटोरेक सीआर२, एनईएफ, एआरडब्ल्यू (कॅनन, निकॉन, सोनीच्या रॉ) फाइल शोधून काढतं. फक्त मूळ नावं जातात. सापडलेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवरच उतरवायच्या, आणि त्या कार्डावर नवा फोटो अजिबात काढायचा नाही. ज्या जागेवर नवीन डेटा लिहिला गेला, तिथला जुना फोटो लॅबलाही मिळत नाही. फाइल आहे पण उघडत नाही, अशा वेळी एक्सिफटूल हे फोटो फाइलमधली माहिती वाचणारं सॉफ्टवेअर वापरून बघा. रॉमध्ये दडलेला जेपीईजी प्रिव्ह्यू (त्याच फोटोची साधी प्रत) बऱ्याचदा शाबूत असतो, कधीकधी पूर्ण आकाराचासुद्धा.

कार्ड दिसतच नसेल तर सॉफ्टवेअर काय वाचणार? लॅब थेट चिपमधून डेटा काढू पाहते, तरी हमी नसते.

मेहनत घरी जास्त, पण फोटो परक्या हाती जात नाहीत.

मित्राचं कार्ड दिसतंय, त्याने आधी घरीच करावं. ग्राहकाच्या लग्नाचं कार्ड मेलं असेल, तर प्रयोग न करता लॅब गाठावी. आणि ज्याचं अजून काही गेलेलं नाही, त्याने तेच पैसे फोटोंच्या जादा प्रती ठेवायला दोन डिस्क आणि क्लाउडवर घालावेत. एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी.