एमबीए झाल्यावर: पुण्यातली बँक की शिरोलीतली फाउंड्री?

कोल्हापुरात एमबीए झालेल्या पोरांपुढं दरवर्षी हाच पेच येतो. कॅम्पसमधून एखाद्या खासगी बँकेची ऑफर आलेली असते, हुद्दा रिलेशनशिप ऑफिसरचा, पोस्टिंग पुण्याला. आणि घरात कुणीतरी काका सांगत असतात, "शिरोलीत ओळखीच्यांना ऑफिसात माणूस पाहिजे आहे, जाऊन तरी ये." मी दोन्ही ठिकाणी काम केलंय, आधी बँकेत आणि आता शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात.

ऑफर लेटरवर बँकेचा आकडा मोठा दिसतो. त्यातला पक्का पगार किती आणि इन्सेंटिव्हच्या भरवशावरचा किती, हे वेगळं काढून बघा. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेस लावून, सणासुदीला घरी ये-जा करून हातात जे उरायचं, त्यात आणि इथं घरचं जेवून शिरोलीला गाडीवरून जाताना उरतं त्यात मला तरी फारसा फरक जाणवला नाही. पुण्यात स्वतःचं घर असेल तर हिशेब बदलेल.

बँकेत शिस्त शिकायला मिळते, हे मोकळेपणानं सांगतो. अनोळखी माणसासमोर बसून त्याच्याशी पैशाविषयी बोलायची भीड तिथंच चेपली. बायोडाटावर मोठं नाव लागतं, पुढं मुंबई-बेंगळुरूची दारं उघडी राहतात. फाउंड्रीत यातलं फारसं नाही. अपॉइंटमेंट लेटर मागून घ्यावं लागतं. बऱ्याच ठिकाणी एचआरचं काम अकाउंट्सवालाच बघतो. मालक एक सांगतात, त्यांचा मुलगा दुसरंच सांगतो, आणि दोघांनाही 'हो' म्हणून वाट काढायची असते.

तरी माझा निर्णय एका गोष्टीवर झाला, ती म्हणजे महिन्याची एक तारीख. टार्गेट असण्याबद्दल माझी तक्रार नाही, विक्रीत ते असणारच. पण एकतीस तारखेपर्यंत कितीही खाती उघडा, कितीही पॉलिसी द्या, एक तारखेला सगळं शून्यावर येतं आणि सकाळच्या मीटिंगमध्ये प्रश्न एकच: या महिन्याचं काय? मग ज्यांनी मागच्या महिन्यात विश्वासानं ठेव ठेवली, त्याच निवृत्त गुरुजींकडं परत जायचं, कारण विम्याचा आकडा कमी पडतोय. त्यांना त्या विम्याची गरज नाही हे त्यांनाही कळतं, मलाही कळायचं. माणसं जोडण्याच्या नोकरीत माझ्या ओळखी वाढण्याऐवजी खर्च होत होत्या. हे मला सहन होईना. काहींना यातच ईर्षा येते, आणि त्यांनी ही नोकरी जरूर करावी.

फाउंड्रीत उलट आहे, केलेलं काम वाया न जाता पुढं साठत जातं. ग्राहकाचं ड्रॉइंग येतं, वजन काढून कोटेशन द्यायचं, पॅटर्न (साचा करायचा नमुना) तयार होतो, सॅम्पल जातात, ती पास झाली की पायलट लॉट, म्हणजे चाचणीपुरता थोडा माल. यात महिनेच्या महिने जातात. पण पार्ट एकदा मंजूर झाला की वर्षानुवर्षं चालतो. मी सुरुवातीला कोटेशन दिलेलं ट्रॅक्टरचं एक कास्टिंग (ओतीव भाग) अजून ग्राहकाच्या दर महिन्याच्या मागणीत, म्हणजे शेड्यूलमध्ये असतं. पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि स्क्रॅपचा भाव हलला की दर सुधारून मागायचा, रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा खर्च किलोमागं किती बसतो ते काढायचं. वर्गात शिकलेलं कॉस्टिंग मला इथं पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळलं. वसुलीही शिकाल. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवं, पण मोठ्या ग्राहकाला न दुखावता त्याची आठवण करून देणं हे कौशल्य आहे.

त्रास इथंही आहे. माल कमी पडून ग्राहकाची उत्पादनाची लाइन थांबायची वेळ आली की रात्री फोन येतो. ग्राहक बिलातून पैसे कापायची डेबिट नोट पाठवतो, त्यावरून वाद होतात. २०१९ सारखी वाहन उद्योगात मंदी आली की शेड्यूल आटतं आणि पगारवाढीचं नावही निघत नाही. महिनाअखेरच्या टार्गेटपेक्षा हा त्रास मला परवडतो, इतकंच.

सरकारी बँकेचा विचार असेल तर बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेत मार्केटिंग आणि एचआरच्या जागांना एमबीए चालतं, तयारी मात्र वेगळी लागते. साखर कारखाने आणि दूध संघांची भरती कधी निघेल त्यावर बेत आखू नका.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलची पंचतारांकित वसाहत धरायची असेल, तर नुसत्या नोकरीच्या पोर्टलवर बसून राहू नका, मधल्या आकाराच्या बऱ्याच फाउंड्र्या तिथं जाहिरात देत नाहीत. स्मॅक आणि गोशिमा या उद्योजक संघटनांकडून सभासद कारखान्यांची माहिती मिळते का बघा, आणि बायोडाटा घेऊन स्वतः जा. 'मार्केटिंग' म्हणून विचारलंत तर "आमच्याकडं मार्केटिंग नाही" असं उत्तर येईल. कस्टमर कोऑर्डिनेशन, कॉस्टिंग किंवा परचेस म्हणून विचारा. मालक आधी गाव विचारतील, मग शिक्षण. आत गेलात की शॉप फ्लोअर दाखवायची विनंती करा, आणि निघण्याआधी पगार दर महिन्याच्या कितव्या तारखेला होतो ते तिथल्या कामगारालाच विचारा.