गाडी चांगली, ड्रायव्हर त्याहून चांगला. भांडण फक्त गॅरेजच्या किलोमीटरचं

गेल्या महिन्याचं बिल मी अडवून धरलं, तेव्हा कुठे ट्रॅव्हल्सच्या मालकांचा स्वतःहून फोन आला. दिवाळीपासून त्यांच्याकडून ड्रायव्हरसकट डिझायर घेतोय. कोथरूडहून बहुतेक वेळा चाकण, अधूनमधून रांजणगाव, कधी मुंबई. 80 किलोमीटर-8 तासांचं पॅकेज, वरच्या किलोमीटरला 13 रुपये, जीएसटी 5 टक्के वेगळा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी घेऊन याहून स्वस्तात नेणारे भेटतात, पण ते बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून पिवळ्या पाटीशिवाय मी गाडी घेत नाही.

ड्रायव्हर दादांबद्दल तक्रारीला जागाच नाही. आदल्या संध्याकाळी फोन, सकाळी ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी गाडी फाटकाशी. चाकणला कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी बघितल्याशिवाय गाडी आत सोडत नाही. दादांची सगळी कागदं एका पारदर्शक फाइलमध्ये, काच खाली होताच फाइल बाहेर. मोशीपासून तळेगाव चौकापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात, तेवढ्या वेळात माझं मागे बसून एखादं कोटेशन पुरं होतं. एक्स्प्रेसवेवर 100 च्या मर्यादेवर काटा गेलेला मी पाहिला नाही, अगदी मीटिंगला उशीर होत असतानाही.

पुतणीच्या लग्नाला इनोव्हा क्रिस्टा घेतली आणि हेच दादा पाठवा म्हणून सांगितलं. डिकीत त्यांनी एक बुटकं लाकडी स्टूल आणलं होतं. नऊवारीतल्या काकूंना त्या उंच गाडीत चढता येईना. दादांनी स्टूल दारापाशी टेकवलं, पायाने दाबून धरलं आणि आधाराला स्वतःचा हात पुढे केला. कार्यालयापासून घरापर्यंत प्रत्येक चढण्या-उतरण्याला तेच. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता किलोमीटर. पहिलं बिल आलं तेव्हाच डोकं फिरलं होतं. माझ्या दारापासून चाकण जाऊन-येऊन साधारण 80, म्हणजे पॅकेजात बरोबर बसतं. बिलात मात्र 124. वरचे 44 कसले, तर ‘गॅरेज टू गॅरेज’, म्हणजे गाडी ठेवतात तिथून निघून परत तिथे पोचेपर्यंत. गॅरेज वाघोलीला. तिथून माझ्या दारापर्यंत 22, परत जायला 22. चाकणच्या प्रत्येक फेरीला जीएसटी धरून सहाशे रुपये, ज्यात मी गाडीत बसलेलोही नाही! कोटेशनवर वाघोलीचा उल्लेख नव्हता. ही उघड लूट आहे असं माझं तेव्हाचं मत होतं.

मग एका मित्राशी बोललो, तो स्वतः गाड्या चालवायला देतो. त्याचं म्हणणं, गाडी तुझ्या दारापर्यंत येते तेव्हा डिझेल जळतंच, ते कुणी द्यायचं? पुण्यात सगळे असेच मोजतात. पटलं. गॅरेजपासून मोजणी योग्य आहे, एवढंच की गॅरेज कुठे आहे ते आधी लिहून द्यायला हवं. तेव्हापासून मी रोज बसताना आणि घरी उतरताना मीटरचा फोटो काढू लागलो आणि बिलं भरत राहिलो.

गेल्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस चाकण होतं. मंगळवारी घरी उतरताना मीटर 61,842. बुधवारी सकाळी बसताना 61,849. फरक सात किलोमीटर! गाडी वाघोलीला गेलीच नव्हती. ती रात्री दादांच्या घराजवळ, वारज्यात उभी असते. बिलासोबत आलेल्या ड्युटी स्लिपा, म्हणजे त्या-त्या दिवशीच्या मीटरच्या नोंदीच्या चिठ्ठ्या, शेजारी ठेवल्या. मंगळवारचं क्लोजिंग (शेवटचं मीटर) 61,864 आणि बुधवारचं ओपनिंग (सुरुवातीचं मीटर) 61,827. एका रात्रीत मीटर 37 किलोमीटर मागे गेलं. ओपनिंग-क्लोजिंगचे रकाने रिकामे ठेवून स्लिपवर माझी सही घ्यायची आणि आकडे ऑफिसात भरायचे, अशी ती पद्धत.

मालकांशी बोलताना मी दादांचं नाव घेतलं नाही, फक्त फोटो आणि स्लिपा पुढे ठेवल्या. या आकड्यांतला एक रुपया दादांच्या खिशात जात नाही, त्यांना ठरलेला पगार आणि मुंबईला गेलं तर भत्ता. भांडण त्यांच्या नोकरीवर जायला नको होतं. मालक आधी म्हणाले, “सिस्टीममध्ये तसंच फीड आहे.” मग म्हणाले, “साहेब, तुम्ही जुने कस्टमर, ॲडजस्ट करू.” मी ॲडजस्ट नको, लेखी द्या म्हटलं.

आता कोटेशनवर स्पष्ट लिहून मिळालंय: गाडी खरोखर वाघोलीहून निघाली तरच तिथून मोजणी, एरवी माझ्या दारापासून दारापर्यंत, आणि स्लिपचे सगळे रकाने भरल्यावरच सही. जानेवारीपासूनच्या ज्या फेऱ्यांचे फोटो माझ्याकडे आहेत त्यांची क्रेडिट नोट, म्हणजे जादा लावलेले पैसे माझ्या नावे जमा केल्याची पावती, आली. सेवा मी सोडलेली नाही, दादांसारखा माणूस दुसरीकडे मिळेल याची खात्री नाही. त्याआधीच्या बिलांचे पैसे मात्र ते द्यायला तयार नाहीत, कारण फोटो नाहीत. तेव्हाच्याही लागोपाठच्या दिवसांच्या स्लिपांवर आकडे असेच एकमेकांवर चढलेले दिसतात, मग फोटो कशाला हवा? त्या स्लिपांच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात, सोमवारी त्यांच्या ऑफिसात नेऊन देणार आहे.