सोसायटीच्या लॉनवरचा पालापाचोळा: गाडीत भरायचा की आवारातच जिरवायचा?

संक्रांत होऊन महिना झाला की मुंबईतल्या जुन्या, झाडांनी भरलेल्या सोसायट्यांमध्ये एक विषय हमखास निघतो. बदाम लाल होऊन गळत असतो, पिंपळ उघडा पडत असतो, रेन ट्रीची बारीक पानं वाऱ्याबरोबर लॉनभर पसरतात, आणि सकाळी झाडून स्वच्छ केलेली जागा दुपारी पुन्हा भरते. कमिटीपुढे दोन प्रस्ताव येतात. एक, रोज झाडा, गोण्या भरा आणि गाडी बोलवा. दुसरा, आवारातच त्याचं काहीतरी करा. दारात चार कुंड्या आणि हातभर हिरवळ असेल तर एवढा विचार करायची गरज नाही. पण मुलांना क्रिकेट खेळता येईल एवढं लॉन आणि कडेने मोठी झाडं असतील, तर हा निर्णय नीट घ्यायला हवा, कारण त्यात वर्षभराचे पैसे, माळ्याचे श्रम आणि गवताची तब्येत गुंतलेली असते.

माझं मत आधीच सांगतो: पाचोळा शक्यतो फाटकाबाहेर जाऊ नये. मात्र आवारात जिरवायच्या पद्धती तीन आहेत, आणि कुठली कुठे चालेल हे दोन गोष्टींवर ठरतं. झाड कोणतं, आणि पाऊस किती लांब आहे.

आधी वर बघा, मग खाली

रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर, चिंच या झाडांची पानं संयुक्त असतात. गळतात तेव्हा बारीक पर्णिका सुट्या होऊन गवताच्या मुळाशी आपोआप उतरतात. त्या पंज्याने, म्हणजे पाचोळा ओढायच्या दातेरी अवजाराने, ओढायला गेलात तर पानांपेक्षा गवतच जास्त उपटून येतं. ही झाडं शेंगवर्गीय असल्याने त्यांची पानं कुजतातही लवकर. त्रास देतात त्या शेंगा आणि मधले दांडे. गुलमोहराच्या शेंगा लाकडासारख्या टणक असतात, रेन ट्रीच्या शेंगा चिकट आणि गोड, त्यांना मुंग्या लागतात. त्या हातानेच वेचाव्या लागतात.

बदामाची गोष्ट अगदी उलटी. वीतभर लांब, जाड पान, आणि झाड वर्षातून बहुधा दोनदा पानं टाकतं. एकेक पान गवतावर झाकणासारखं बसतं आणि चार-सहा दिवस तसंच राहिलं की खालचं गवत पिवळं पडतं. आंबा, फणस आणि आसोपालव यांची पानं चिवट आणि मेणचट. ती एकदम गळत नाहीत, वर्षभर थोडी थोडी पडत राहतात आणि कुजायला फार वेळ घेतात. पिंपळाचं पान मोठं असलं तरी वाळल्यावर कागदासारखं होतं, पायाखालीच चुरतं. नारळाच्या झावळ्या या सगळ्यातून पहिल्याच दिवशी बाजूला काढा. त्या ना मॉवरमध्ये, म्हणजे गवत कापायच्या यंत्रात, जातात, ना पानांच्या ढिगात कुजतात.

एकाच लॉनच्या पूर्वेला रेन ट्री आणि पश्चिमेला बदाम असेल, तर दोन बाजूंना दोन पद्धती वापरायला काहीच हरकत नाही. बहुतेक कमिट्या इथेच अडतात. सगळ्यांना एकच नियम हवा असतो.

गाडी बोलवायची पद्धत

हिचा फायदा खरा आहे: डोळ्यांसमोरून कचरा जातो आणि तक्रारी थांबतात. जागा मुळीच नसेल तर हाच मार्ग उरतो. पण ती किती महाग पडते, हे गोण्या मोजल्याशिवाय कळत नाही. सैल वाळका पाचोळा म्हणजे बरीचशी हवाच. एक घनमीटर ढिगाचं वजन सहसा शंभर किलोच्याही आत असतं. गाडीचे पैसे आपण त्या हवेसाठी मोजतो. शिवाय ऐन पानगळीत सगळ्यांनाच गाडी हवी असते, म्हणून गोण्या फाटकाजवळ पडून राहतात, फाटतात, आणि पाचोळा पुन्हा रस्त्याकडेच्या गटाराकडे जातो. तिथून तो पावसाळी जाळ्यांवर बसला की जूनमध्ये काय होतं, हे मुंबईकराला सांगायला नको.

आणि तो जातो कुठे? १९२७ पासून कचरा झेलणारं देवनार आणि अलीकडचं कांजूरमार्ग. मुलुंडचं डंपिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं, म्हणजे भार उरलेल्या ठिकाणी वाढला. ढिगाखाली हवा न मिळता पान कुजलं की त्यातून मिथेन निघतो. तेच पान आपल्या झाडाखाली कुजलं तर त्याची माती होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही बागेतला कचरा वेगळा, आपल्याच आवारात साठवायची आणि स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावायची जबाबदारी आपल्यावर टाकली होती.

लॉनवरच मॉवर फिरवणं

श्रमांच्या हिशेबात ही पद्धत सगळ्यांत हलकी. पानं गोळा करायचीच नाहीत. गवत कापताना त्यांचे तुकडे होऊन ते खाली उतरतात आणि मातीत मिसळतात. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाने लॉनवर पाचोळा असा बारीक करून वर्षानुवर्षं पाहिला आणि गवताचं नुकसान झालं नाही असं नोंदवलं. तिकडची झाडं मेपल आणि ओक, हवामानही थंड, त्यामुळे इथे ती गोष्ट डोळे मिटून उचलता येत नाही. आपल्याकडे उष्णता असल्याने कुजण्याचा वेग जास्त, पण फेब्रुवारी ते मे पाऊस नाही. म्हणजे तुकडे लगेच मुरत नाहीत, काही आठवडे वर दिसत राहतात. हे रहिवाशांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'लॉन घाण दिसतंय' अशी चिठ्ठी येणारच.

यंत्र कोणतं हे फार महत्त्वाचं. अनेक सोसायट्यांकडे सिलिंडरचा, म्हणजे रीलचा मॉवर असतो. तो गवत सुरेख कापतो, पण पानांचे तुकडे करत नाही. त्यासाठी खाली आडवं पातं फिरणारा रोटरी मॉवर लागतो. उंची नेहमीपेक्षा एक खाच वर ठेवायची आणि थर जाड असेल तर आडवा-उभा दोनदा फिरवायचा. पहाटे दव असतं तेव्हा पानं चिकटून पातं तुंबतं, म्हणून ऊन चढल्यावर काम सुरू करावं. त्याआधी एक फेरी मारून मांजा वेचायलाच हवा. संक्रांतीला झाडांत अडकलेला मांजा नेमका पानगळीत खाली येतो, पात्याच्या दांड्याभोवती गुंडाळला जातो, आणि तो सोडवताना माळ्याच्या बोटांना इजा होऊ शकते. मशीन बंद केल्याशिवाय हात आत घालायचा नाही, हे दरवेळी सांगा.

गवतही बघा. हरळी किंवा रुंद पात्याचं कार्पेट ग्रास मोकळं असतं, तुकडे सहज खाली जातात. दाट वाढणाऱ्या मेक्सिकन ग्रासमध्ये मात्र ते वरच अडकतात, थर साचतो आणि पावसाळ्यात तिथे बुरशी येते. माझा ठोकताळा साधा आहे: मॉवर फिरवून झाल्यावर वरून पाहिलं तर निम्म्याहून जास्त गवत हिरवं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर जास्तीचं उचलून दुसऱ्या पद्धतीकडे न्या. रेन ट्री, गुलमोहर आणि पिंपळ यांच्याखाली ही पद्धत उत्तम. बदामाखाली थोडी पानं असतील तरच. आंब्या-फणसाखाली नको.

जाळीचा पिंजरा

मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते याबद्दल, कारण इथे पाचोळ्याची खरी किंमत कळते.

वेल्डेड जाळीचा चार फूट उंच, साधारण तेवढ्याच व्यासाचा गोल उभा करायचा. खाली पक्की फरशी नको, माती हवी. पाचोळा भरायचा, मधूनमधून पाणी शिंपायचं आणि दाबायचं. वाळक्या पानांत कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी असतो, म्हणून नुसती पानं कुजायला सहा महिने ते वर्ष लागतं. शेणाचा काला, ताजं कापलेलं गवत किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा थराथराने घातला तर हा काळ बराच कमी होतो. पानं आधी मॉवरखालून किंवा श्रेडरमधून, म्हणजे पानं चुरायच्या यंत्रातून, काढली तर ढीग चौथाईवर येतो आणि दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत हाती येतं. ओलावा तपासायला मूठभर घेऊन पिळा: एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. ढीग घनमीटरभर तरी हवा, त्याहून लहान ढीग आतून तापत नाही.

आता दुसरी बाजू. महापालिकेने २०१७ मध्ये २०,००० चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. तेव्हापासून अनेक ठिकाणी कंपोस्टचे पेटारे आले. ते चालवणाऱ्या कोणालाही विचारा, जुलै-ऑगस्टमध्ये त्यांना काय कमी पडतं. कोरडा माल. भाजीपाला आणि उष्टं पावसाळी हवेत चिकट होतं, वास सुटतो, अळ्या पडतात, आणि मग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा चुरा, किंवा लाकडाचा भुसा विकत आणला जातो. मार्चमध्ये पैसे देऊन जो पाचोळा बाहेर पाठवला, तोच जुलैमध्ये हवा असतो. एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन ते तीन बादल्या चुरलेला पाचोळा, एवढं प्रमाण ठेवलं की वास आटोक्यात राहतो. म्हणून निम्मा पाचोळा पिंजऱ्यात न घालता कोरडा, चुरून, गोण्यांत भरून जिन्याखाली नव्हे तर हवेशीर शेडमध्ये ठेवावा, असं मी ठामपणे सांगेन.

तोटे? पिंजऱ्याला जागा आणि पाणी लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये पाणीकपात असू शकते. भाज्या धुतलेलं पाणी चालतं. आग हा खरा धोका आहे: वाळका ढीग मीटर रूमजवळ, ट्रान्सफॉर्मरजवळ किंवा पार्किंगला लागून कधीही ठेवू नका. उंदरांची भीती असेल तर शिजवलेलं अन्न त्यात घालू नका. आंब्या-फणसाची पानं आणि बदामाची जाड पानं यांच्यासाठी पिंजऱ्याइतकी चांगली जागा नाही, फक्त ती आधी फोडायला हवीत.

झाडाखाली आच्छादन

गोळा केलेला पाचोळा कुंपणाच्या झुडपांखाली आणि झाडांच्या आळ्यांत दोन-तीन इंच पसरायचा. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर साल कुजते आणि वाळवीला आडोसा मिळतो. आपली पानगळ कडक उन्हाच्या आधी येते, त्यामुळे हे आच्छादन नेमकं हवं तेव्हा मिळतं: माती तापत नाही आणि पाणी कमी लागतं. खर्च शून्य. पावसात मात्र याच थराखाली मोठ्या आफ्रिकन गोगलगायी लपतात आणि रात्री रोपं खाऊन जातात. सलग पावसात बदामाच्या वळलेल्या पानांत पाणी साचून डासांचीही सोय होते. म्हणून आच्छादनाची मुदत मेअखेरपर्यंत धरा.

खराटा, पंजा, ब्लोअर

फरशीवर खराट्याला तोड नाही. लॉनवर प्लास्टिकचा पसरट पंजा बरा, लोखंडी पंजा गवत ओरबाडतो. ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पानं उडवणारं यंत्र, वेगवान असतो, पण आपल्या कोरड्या मार्चमध्ये तो पानांबरोबर धूळही पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांत नेतो, आणि पेट्रोलवर चालणारा असेल तर त्याचा आवाज निवासी भागातल्या दिवसाच्या ५५ डेसिबलच्या मर्यादेपेक्षा बराच वर जातो. दम्याचे रुग्ण असलेल्या इमारतीत मी तो घेणार नाही. त्याच पैशांत रोटरी मॉवर घ्यावा.

जाळणं

होळी जवळ आली की 'तिथेच टाकू सगळं' असं कोणीतरी म्हणतंच. पाचोळ्याचा धूर दाट असतो, तो लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत जातो, आणि डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. या पर्यायावर अधिक बोलायची गरज नाही. 'झाडच तोडा' म्हणणाऱ्यांनाही १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याची आठवण करून द्या. परवानगीशिवाय फांदीही छाटता येत नाही.

तुमच्यासाठी कोणतं?

मोठं लॉन, बहुतेक झाडं रेन ट्री-गुलमोहर, एकच माळी: रोटरी मॉवर आणि शेंगा वेचायला आठवड्यातून एक सकाळ. पिंजरा एकच पुरे.

बदाम आणि आंबा जास्त, शिवाय ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट आधीच चालू: श्रेडरवर खर्च करा, दोन-तीन पिंजरे उभे करा, बाकी गोण्यांत साठवा. इथे पैसे लवकर वसूल होतात.

मेक्सिकन ग्रासचं देखणं लॉन, जिथे समारंभ होतात: रोज पंजाने गोळा करा आणि सगळं आच्छादनात व पिंजऱ्यात न्या, मॉवरखाली चुरू नका.

जागाच नाही: गाडी बोलवा, पण आधी चुरून गोण्या भरा, म्हणजे फेऱ्या कमी होतील. शेजारच्या सोसायटीत कंपोस्ट चालत असेल तर त्यांना विचारून पाहा. कोरडा माल ते आनंदाने घेतात.

कोणतीही पद्धत घेतलीत तरी मेच्या शेवटच्या आठवड्यात माळीदादांचा एक पूर्ण दिवस राखून ठेवा. मुंबईत पाऊस साधारण १० जूनच्या आसपास पोचतो. त्याआधी खोडांभोवतीचं आच्छादन उचलून पिंजऱ्यात भरायचं, गच्चीच्या आणि आवारातल्या पाणी वाहून नेणाऱ्या जाळ्या पानांपासून मोकळ्या करायच्या, गोण्या जमिनीपासून वर फळीवर ठेवायच्या, आणि तयार झालेलं खत चाळून लॉनवर पातळ पसरायचं. पहिल्या पावसाने ते मुळांपर्यंत जातं.