मुक्ता फॉन्ट: खान्देशात उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

मी जळगावात वेबसाइटी बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे रावेर-यावलकडचे केळीवाले, धुळ्यातली कापड दुकानं, नंदुरबारचे मिरची व्यापारी. उन्हाळ्यापासून प्रत्येक नव्या कामात मी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा देवनागरी फॉन्ट लावतोय. गूगल फॉन्ट्सवर तो फुकट मिळतो, परवाना खुला आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या बिलात फॉन्टचा खर्च येत नाही.

आमच्याकडे फॉन्टची खरी परीक्षा उन्हात होते. मे महिन्यात पारा 44-45 वर असतो आणि शेतकरी बांधावर उभा राहून, ब्राइटनेस पूर्ण चढवून केळीचा दर बघतो. तिथे मुक्ता टिकला. अक्षरांच्या पोटातली जागा मोकळी आहे, मात्रा आणि रफार एकमेकांत मिसळत नाहीत. वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीच्या पायऱ्या, सात आहेत, 200 (सर्वांत बारीक) ते 800 (सर्वांत जाड). पण सध्या फॅशन असलेली बारीक, हवेशीर अक्षरं हवीत म्हणून 200 किंवा 300 घेऊ नका. उन्हात फक्त शिरोरेषा दिसते, खालचं अक्षर गायब. मी मजकुराला 400 आणि मथळ्याला 700 ठेवतो.

डिझाइनचे बहुतेक ट्रेंड रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून येतात, हे या काळात फार जाणवलं. अक्षरांत अंतर सोडलेले ऐसपैस मथळे इंग्रजीत देखणे दिसतात. तेच लेटर-स्पेसिंग मराठी मथळ्याला दिलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांत विखुरतो. उणे अंतर दिलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात. म्हणून मराठीला लेटर-स्पेसिंग शून्य, हा माझा पक्का नियम. ठसा उमटवायचा तर आकार आणि वजन वाढवा. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. वर वेलांटी, खाली उकार, दोन्हीला जागा हवी. मी ते अक्षराच्या आकाराच्या 1.7 पट, त्याच्या आसपास ठेवतो.

धूसर काचेसारखे कार्ड, म्हणजे ग्लासमॉर्फिझम, मी आता करतच नाही. मागचा फोटो ब्लर करायला स्वस्त मोबाइलला जड जातं, स्क्रोल अडखळतो, आणि उन्हात त्या काचेवरचं काही वाचता येत नाही. केळीवाल्यांना पिवळा रंग हवाच असतो, आणि का नसावा? जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, तो रंग त्यांच्या अभिमानाचा आहे. पण पांढऱ्यावर पिवळी अक्षरं वाचता येत नाहीत. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी यासाठीचे नियम, म्हणजे डब्ल्यूसीएजी, त्यांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान 4.5 ला 1 असा कॉन्ट्रास्ट लागतो. पिवळी पट्टी आणि तिच्यावर काळा मुक्ता लावला की ते गणित आरामात बसतं, आणि दिसतंही झकास.

आता उणिवा. मुक्ता व्हेरिएबल फॉन्ट नाही, म्हणजे सगळी वजनं एकाच फाइलमध्ये मिळत नाहीत. प्रत्येक वजनाची वेगळी फाइल उतरवावी लागते आणि गावात रेंज कमी असली की ते कळतं. बलू 2 हा दुसरा फॉन्ट व्हेरिएबल आहे, पण त्याची गुबगुबीत अक्षरं दराच्या तक्त्यात मला पटत नाहीत. मुक्ताची दुसरी कटकट म्हणजे बटणं: वरखाली सारखं पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, देऊनही मजकूर मधोमध बसत नाही, दरवेळी हाताने जुळवावं लागतं. आणि लांबलचक लेखाला तो थोडा कोरडा वाटतो. तिथे मी 'तीरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट घेतो. त्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत, वाचताना घरचं वाटतं.

नंदुरबार-नवापूरकडच्या गिऱ्हाइकांना गुजराती पानही लागतं, कारण त्यांचा माल सुरतेला जातो. त्याच कुटुंबातला मुक्ता वाणी गुजरातीसाठी आहे. दोन्ही पानं शेजारी उघडली तरी एकाच दुकानाची वाटतात, आणि नुसत्या या सोयीसाठीही मी मुक्ता बदलणार नाही.