शेळ्या, वाडी की रोख पैसे? पेठ-सुरगाण्यात मदत करायची असेल तर

नाशिकमधल्या एखाद्या मित्रमंडळाने किंवा छोट्या कंपनीने पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतल्या गरीब कुटुंबांसाठी काही लाख रुपये बाजूला काढले, की तीन सूचना हमखास येतात: शेळ्या देऊ, आंब्याची वाडी लावून देऊ, नाहीतर सरळ खात्यात पैसे टाकू. तिन्हींचा भरपूर अनुभव आणि अभ्यास उपलब्ध आहे. तो वाचताना एक प्रश्न समोर ठेवा: द्राक्षांच्या हंगामात घरी कोण थांबणार? छाटणीपासून काढणीपर्यंत इथली माणसं टोळ्या करून दिंडोरी-निफाडच्या बागांवर जातात. अनेक घरांत हातात रोख पैसा येतो तो तेव्हाच.

शेळ्यांची पद्धत मुळात बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेची, २००२ सालची. तिथे नुसतं जनावर देऊन कुणी मोकळं होत नाही. सोबत काही काळ पोटापुरता भत्ता, प्रशिक्षण, बचतीची सवय, आणि साधारण दोन वर्षं कार्यकर्त्याची नियमित फेरी. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या १०,४९५ कुटुंबांमध्ये ही पद्धत तपासली. २०१५ मध्ये आलेले निष्कर्ष उत्साह वाढवणारे होते: मदत थांबून वर्ष झालं तरी खाणं, उत्पन्न, मालमत्ता सगळं वाढलेलं. पश्चिम बंगालमध्ये तर दहा वर्षांनीही फरक टिकून होता.

मला मात्र नाशिकसाठी आंध्र प्रदेशचा अनुभव जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथे याच पद्धतीत जनावरांपासूनचं उत्पन्न वाढलं, पण तेवढीच शेतमजुरी बुडाली. बरीच जनावरं विकली गेली आणि कर्ज फिटलं. मजुरीचे दर चढे असतील तर शेळीमागे फिरणाऱ्या माणसाचा रोज बुडतो, इतका हा साधा हिशेब आहे. आपल्याकडे बागांवर रोज चांगला मिळतो. म्हणून शेळ्या द्या त्या घरी थांबणाऱ्यांना: एकट्या बायका, लांब जाऊ न शकणारी म्हातारी माणसं. शिवाय दोन वर्षं गावात फिरणाऱ्या कार्यकर्तीचा पगार आधी बाजूला ठेवा. तो परवडत नसेल तर शेळ्या देऊच नका. एका दिवसात फोटो काढून वाटलेल्या शेळ्यांना वरचे निष्कर्ष लागू होत नाहीत.

रोख पैशाबद्दल आपल्या मनात उगाच धास्ती असते. केनियात गिव्हडायरेक्टली या संस्थेने ६५३ गावांच्या अभ्यासात दहा हजारांहून जास्त कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर दिले. भाव जवळजवळ वाढले नाहीत, आणि पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचंही उत्पन्न सुधारलं. आपल्याकडे आदिवासी कुटुंबांसाठीच्या सरकारी खावटी अनुदान योजनेत २,००० रुपये खात्यात आणि २,००० रुपयांचा किराणा अशी विभागणी होती. खरेदी, पोती, वाहतूक, वाटप हा सगळा खटाटोप त्या दुसऱ्या निम्म्यासाठी. छोट्या गटाने तरी यात पडू नये. महिना पाचशे-हजार देण्यापेक्षा एकरकमी द्यावं असं मला वाटतं. लाडकी बहीणचे महिन्याचे १,५०० अनेक घरांत येतातच; बैल, पाण्याचं इंजिन किंवा घराचे पत्रे त्यातून होत नाहीत.

वाडीचा अनुभव आपल्या सर्वांत जवळचा. बायफ या ग्रामविकास संस्थेने १९८०च्या दशकात दक्षिण गुजरातच्या वांसदा भागात एकरभर आंबा-काजू आणि बांधावर जंगली झाडं हे प्रारूप उभं केलं. पुढे जर्मन विकास बँक आणि नाबार्डच्या निधीतून ते नाशिक-ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात आलं. हक्काची जमीन आणि पाणी असेल तर तिन्हींत हेच टिकाऊ, हंगामी स्थलांतर खरोखर कमी करू शकेल असं. अडचण पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांची आहे. पावसाळ्यात धो-धो कोसळणाऱ्या या भागात मार्चनंतर विहिरी तळ गाठतात, आणि नेमकं तेव्हाच रोपांना पाणी घालणारं माणूस बागांवर असतं. त्यात फळ धरायला चार-पाच वर्षं. एका वर्षाच्या निधीवर वाडी सुरू करू नका.

तेव्हा एकदाच देण्याइतके पैसे असतील तर रोख द्या, शक्यतो बाईच्या खात्यात, आणि मे महिन्यात: बागांची कामं ओसरलेली असतात, बियाणं-खताची खरेदी तोंडावर असते आणि सावकाराकडे जायची वेळही तीच. रक्कम टाकण्याआधी खातं चालू आहे का आणि बँक किती लांब आहे, हे त्या बाईलाच विचारून घ्या.